सामन्याच्या सकाळचं सूप

१२ ऑगस्ट, सोमवार

सूप मीच केलं, मान्य. पण गोल काय सूपाने सोडले?

आमच्या संघातल्या हेसॉकची आई परतीच्या बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "सामन्याच्या सकाळी पोरांच्या पोटात समुद्रशेवाळाचं सूप घालणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती." बाकीच्या आया खिडकीबाहेर बघत होत्या. कान मात्र माझ्याकडे. मागून कुणीतरी बोललं, "परीक्षेच्या दिवशी दुश्मनाच्या पोरालासुद्धा कुणी ते वाढत नाही. बुळबुळीत मेलं. खाल्लं की घसरलाच माणूस."

मला हे ठाऊक नाही? मी काय परदेशात वाढले? सामन्याच्या दिवशी चिकट भाताची वडी द्यायची, म्हणजे यश चिकटून राहतं. शाळेच्या संघाला मी इतकी वर्षं जेवू घालतेय, एकदा चुकले नाही.

पण ग्वांगसिक आदल्या संध्याकाळी शाळेच्या खानावळीच्या मागच्या दाराने आला. तो संघाचा कोच, आणि माझा धाकटा भाऊ. "ताई, उद्या माझा वाढदिवस. सूप कर. सगळ्यांनाच कर, मी एकटा पोरांसमोर कसा पिणार?" वाढदिवसाला ते सूप लागतंच, ते खरं. मी म्हटलं, "उद्या सामना आहे, डोकं फिरलंय का तुझं?" तर म्हणे, "हल्लीची पोरं असलं काही मानत नाहीत गं."

कोचने सांगितलं म्हणून मी केलं. हे मी बसमध्ये बोलले नाही. कोचची अब्रू आधी. तो पुढच्या सीटवर होता. सगळं ऐकत होता. मान वळवली नाही त्याने.

एका गोलाने पुढे होतो आम्ही. मग दोन खाल्ले. शेवटच्या चार संघांत आलो असतो तर तिसऱ्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना विद्यापीठाने घेतलं असतं. आता कोण घेतंय? पोरं जमिनीवर पालथी पडून रडत होती, आणि मी सूपाचं पातेलं घासत होते.

१३ ऑगस्ट

आयांची बैठक झाली. मी गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, माफी मागितली. स्वयंपाकघराची किल्ली देऊन टाकली.

ग्वांगसिक समोर चहाच्या पेल्यात बघत होता. म्हणाला, "ताईचं वय झालं आता. विसरते."

मी विसरते!

१५ ऑगस्ट

बाजारात सुकी मासळी विकायला बसले. समोरच हेसॉकच्या आईचा गाळा. तिने माझ्याकडे पाठ केली. तिचे बांगडे शिळे आहेत असं मी दोनदा मोठ्याने म्हटलं. शिळे नव्हते.

२१ ऑगस्ट

एका गिऱ्हाइकाने ओळखलं. "तुम्ही त्या ग्वांगसिकच्या बहीण ना? जपानविरुद्ध हेडर मारला होता तो?" एरवी मी त्या हेडरवर अर्धा तास बोलते. आज म्हटलं, "घ्यायचंय की नुसतं बोलायचंय?"

चौथीत शाळा सोडली मी. घरात एकालाच शिकवता येणार होतं आणि तो मुलगा होता. मी कालवं फोडली, त्याच्या पायात बूट आले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो पळायचा ना, तेव्हा मलाच धाप लागायची. शाळेच्या वसतिगृहात सिनियर पोरं ज्युनियरांना काठीने बडवायची. हा सुट्टीला घरी आला की पोटावर झोपायचा. मग मोठ्या क्लबात गेला, राष्ट्रीय संघात गेला. मग गुडघा गेला. दोनदा चिरला तरी बसला नाही. सगळे पांगले. एकटे यॉम तेवढे राहिले. शाळेतले त्याचे सिनियर, काठीवाल्यांतलेच एक. गुडघा गेला त्या दिवशी मैदानातून पाठुंगळीला मारून इस्पितळात नेलं ते त्यांनीच. पुढे या शाळेत शब्द टाकून कोच केलं तेही त्यांनीच. आता ते दुसऱ्या शाळेचे कोच आहेत. या वेळी आम्हाला हरवलं तो संघ त्यांचाच.

१ सप्टेंबर

धक्क्यावर हेसॉक दिसला. बर्फाच्या लाद्या उचलत होता. एवढा चांगला स्ट्रायकर, आमचा कॅप्टन. मी तोंड लपवून निघाले, तर त्यानेच हाक मारली. "मावशी!" कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सूप चांगलं झालं होतं. मी दोन वाट्या प्यायलो."

मी म्हटलं, "हात बघ, किती गार पडलेत."

तो म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका. मला एवढंच कळत नाही, आपण पुढे असताना कोचनी मला बाहेर का काढलं? मी दमलो नव्हतो. पाय दुखत नव्हता. विचारलं तर म्हणाले, बस खाली."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा मैदानामागच्या नळावर भांडी घासत होते.

५ सप्टेंबर

यॉम कोच गाळ्यावर आले. सणाची भेट म्हणून नाशपात्यांची पेटी, वर रेशमी फडकं. मला वाटलं, जिंकून वर सांत्वनाला आलेत.

"ताई, तुमच्या भावाचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांचं भलं झालं. पुढच्या वर्षी तुमची पाळी. अगदी निर्धास्त राहा."

मी म्हटलं, "कसली पाळी?"

ते हसले. "तुम्ही घरच्याच. तुमच्यापासून काय लपवायचं?" आणि मग माझं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं. "बरं, येतो," म्हणाले आणि घाईने गेले.

समोरून हेसॉकची आई बघत होती. पेटीवरचं रेशीम तिला दिसलंच असणार. मी पेटी फळीखाली ढकलली. चोरी केल्यासारखी.

६ सप्टेंबर

मी मूर्ख. शुद्ध मूर्ख.

आमच्या घरी वाढदिवस तिथीने. ग्वांगसिक चुसॉक सणाच्या आदल्या दिवशी जन्मला. सणाच्या पुनवेसाठी आई तांदळाच्या पिठाच्या करंज्या वळत होती, हात पिठातच होते आणि कळा सुरू झाल्या. दरवर्षी करंज्या वळताना घरात हीच गोष्ट निघते. बाबांनी सरकारदरबारी नाव जवळजवळ वर्षभर उशिरा घातलं म्हणून कागदावर ऑगस्ट पडला. ती तारीख क्लबच्या कचेरीपुरती. त्या दिवशी आमच्या घरात कधी कुणी सूप केलेलं नाही.

आणि या वर्षी अचानक ती तारीख आठवली त्याला. नेमकी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. मला वाटलं, वय झालं, आईची आठवण येत असेल. डोळ्यांत पाणी आणून शेवाळ भिजत घातलं मी!

हरायचं ठरलं होतं. कुणावर तरी ढकलायला हवं होतं. आया कशावर तुटून पडतील हे त्याला पक्कं ठाऊक.

८ सप्टेंबर

त्याच्या घरी गेले. पेटी पायाशी ठेवली. म्हटलं, "तुझी नाशपाती."

त्याने पेटीवरचं रेशीम बोटांनी सारखं केलं. मग म्हणाला, "ताई, त्यांनी मला पाठीवर घेतलं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही मला, अगदी कुणी नाही. सिनियरने मागितलं तर ज्युनियर नाही म्हणतो का? सगळे कोच हेच करतात. यंदा त्यांना, पुढल्या वर्षी आपल्याला. गेल्या वर्षी आपण शेवटच्या चारांत कसे आलो वाटतं तुला?"

गेल्या वर्षी मी मैदानाच्या कडेला नाचले होते. पातेलं बडवत.

"आणि सूप?" मी विचारलं.

"तुला कुणी काढून टाकणार नाही असं वाटलं. माझी बहीण म्हणून."

"मी गुडघे टेकले तेव्हा तू चहा पीत होतास."

"प्यायलो नाही," तो म्हणाला. "नुसता हातात धरला होता."

एवढंच. वर हे! कानाखाली द्यावी असं वाटलं, पण लहानपणी या पोराला इतरांनीच इतकं मारलंय. हात उचललाच नाही. उठले. पेटी तिथेच राहिली.

घरी येऊन आईच्या फोटोकडे बघवेना. मीच वाढवलाय याला.

९ सप्टेंबर

हेसॉकच्या आईने आज माझ्या गाळ्यावर दोन बांगडे आणून ठेवले. "सणाचे आहेत, ठेव," म्हणाली. "रागात बोलले मी. सूपाने कुठे कुणी हरतं?"

मी बांगडे घेतले. पेटी ठेवली होती तिथेच, फळीखाली ठेवले. 

१० सप्टेंबर

सकाळी सराव चालू असताना मैदानावर गेले. पोरांच्या देखत त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. गुरुवारी तुझा वाढदिवस, खरा. त्या दिवशी सूप करीन, एकच वाटी. प्यायचं असेल तर आधी बाजारात जा, हेसॉकच्या आईसमोर गुडघे टेक आणि तिला सगळं सांग. दिवस मावळायच्या आत. मी समोरच बसलेली असेन. नाही आलास तर गाळा बंद करताना मी टेकीन गुडघे, आणि या वेळी माफी सूपाची नसेल. काय ते गुरुवारपर्यंत सांग.