खोडलेला सूर

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. कात्रप.

जॅझच्या एका स्केलच्या, म्हणजे सुरावलीच्या, प्रिंटवर आठ सूर होते. सप्तकात सात असतात, म्हणून छपाईची चूक समजून मीच शुद्ध नी पेनाने खोडला आणि आठवडाभर पप्पांच्या मँडोलिनवर सातच वाजवत बसले. विचारलं कोणाला? कोणालाच नाही.

काल पप्पांच्या गायन पार्टीतले ढोलकीवाले गायकवाडकाका चहाला आले होते. माझा रियाज ऐकून पप्पा म्हणाले, "उतरताना एक सूर गाळतेस गं. लय लंगडते बघ."

मी म्हणाले, "पप्पा, हे तुमच्या भीमगीतांच्या पार्टीतलं नाही. याला नियम असतात."

काका कपात बघत राहिले. पप्पा हसले. "बरं, इंजिनियर मॅडम."

आज तेच स्केल सीडीवर ऐकलं. तीनदा मोजलं. आठ. दोन्ही नी, कोमल आणि शुद्ध. चार मात्रांत दोन-दोन सूर बरोबर बसतात. एवढं साधं गणित मला सुचू नये? पप्पांना ते न मोजता ऐकू आलं होतं.

संध्याकाळी आठही सूर वाजवले. पप्पा दारात येऊन उभे राहिले.

"आता बसलं. आधी काय चुकत होतं गं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"प्रिंटमध्ये चूक होती," मी म्हणाले.

"असेल, असेल," म्हणत ते आत गेले. प्रिंट समोर उघडीच होती, आणि त्या सुरावर माझ्या निळ्या पेनाची रेघ. त्यांनी ती पाहिली असणार.