शनिवारचं दार

९ नोव्हेंबर, शनिवार

ताईने दार ओढून घेतलं आणि बाहेरून म्हणाली, "येते रे, हिला उठवू नकोस." तिथे सगळं बदललं. फेब्रुवारीतली सकाळ, ती ब्रेड आणायला निघाली होती. कोपऱ्यावर ट्रक वळला. मी टेबलाशी बसून कॉलेजची फाईल पुरी करत होतो. ती फाईल अजून अर्धीच आहे. कॉलेजही.

आता घरात दोघंच. मी आणि माझी भाची. गालात बिस्किटं साठवते म्हणून तिला खारू म्हणतो. वय वर्षं सहा. तिचे वडील ताईच्या हयातीतच दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसलेत. मी घरी बसून मोबाईल दुरुस्त करतो. खारूला शाळेत सोडताना शेठच्या दुकानातून बिघडलेले फोन उचलायचे, तिला आणताना नीट झालेले परत द्यायचे. खारू घरी असली की मी उंबरठा ओलांडत नाही. ओलांडलाच तर तिला घेऊन.

हे सगळं आज लिहायचं कारण — दुपारी दार वाजलं. बाहेर एक उंच, खमकी बाई. आवाज असा की खालच्या मजल्यावरचेही जागे व्हावेत. "मामा ना तुम्ही? मी आजी. आमच्यात नावं नसतात, नातीच असतात."

बसमध्ये कंडक्टर होती म्हणे, निवृत्त झाली. मेलेल्या मुलीची दोन मुलं वाढवते, खारूच्याच शाळेत आहेत. अशांचा एक गट आहे — आजोबा, मावश्या, काका, ज्यांच्या पदरात नातलगांची मुलं पडलीत ते सगळे. शाळेच्या मागच्या हॉलमध्ये जमतात. एकमेकांना "दार देतात". म्हणजे असं, की शनिवारी चारला गटातलं कुणीतरी आपल्या घरी येऊन मुलाजवळ बसतं. आपण बाहेर जायचं, दार ओढून. सहाला परत. ना आधी, ना नंतर.

"तुमचं नाव आमच्याकडे आलंय," म्हणाली.

कोणी दिलं, विचारलं. तर हसली. "तिकीट कोणी काढलं ते कंडक्टर सांगत नसते."

वा! माझ्याच घरातून मला बाहेर काढायचं आणि वर नाव सांगायचं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

नाव आत्याने दिलं. दुसरं कोण.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या म्हणजे खारूची आत्या, त्या पळपुट्या बापाची थोरली बहीण. तेराव्यालाच म्हणाली होती, एकट्या पोरगेल्या माणसाच्या हातात मुलगी द्यायची म्हणजे काय. तिच्याकडे लिफ्टचं घर आहे, खारूसाठी वेगळी खोली आहे, खोलीला गुलाबी पडदे आहेत. पडद्यांचा फोटोसुद्धा पाठवला. आता ही कंडक्टरबाई येऊन बघून जाणार — भांडी घासली आहेत का, पोरगी मार खाते का. मग आत्याला खबर. मग वकील.

मी होकार दिलाय. नाही म्हटलं तर म्हणतील, लपवायला काहीतरी आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कंडक्टरबाई आली. लिहीत काही नाही, म्हणजे डोक्यात साठवत असणार. अशी माणसं जास्त वाईट.

मी चपला घातल्या, दार ओढलं आणि जिन्यात उभा राहिलो. कान दाराला. आत आधी नुसतं टिक-टिक. मग बाईचा आवाज स्पष्ट आला, "मामा ओरडतो का गं?"

मी दार ढकलून आत! तर खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. खुर्च्यांवर उशी, पातेलं, माझी कॉलेजची बॅग आणि शेठच्या दुकानातले चार फोन — हे प्रवासी. खारूच्या हातात बाईंचा जुना तिकिटाचा पंच. मामा म्हणजे शेवटच्या खुर्चीवरचं पातेलं. ते पुढे सरकत नव्हतं.

"फार ओरडतो," खारू बाईंना सांगत होती, "त्याला उतरवून देऊ."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लवकर आलात मामा. म्हणजे गेलाच नाहीत." मग पर्स उचलून निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की दार म्हणजे दार. जिना धरत नाहीत त्यात.

खारू रात्री जेवताना बोलली नाही. बस अर्ध्यात बंद पडली म्हणून असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आत्याचा फोन. "पोरीला म्हणे तू घराबाहेर खेळायला सोडत नाहीस. दिवसभर तुला ती डोळ्यांसमोर लागते."

म्हणे! कोण म्हणे? मी विचारलं तर म्हणाली, मला कळतं बरोबर. डिसेंबरात स्वतः येऊन बघणार आहे.

पकडलं. शनिवारी बाई येते, मंगळवारी आत्याला सगळं ठाऊक.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

किंवा ती.

हे मनात आलं आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर मी खाली ठेवला. ती, माझ्या वर्गातली, कॉलेजच्या मागच्या चहाच्या टपरीवर दर शनिवारी चारला बसते. पूर्वी आम्ही दोघं बसायचो, एकाच कपातून चहा पीत. आता मी नाही, पण ती बसते. बहुतेक त्या चष्मेवाल्याबरोबर. त्याच्या फोनची काच माझ्याकडेच आली होती दुरुस्तीला. वॉलपेपरवर टपरी! नुसती टपरी, माणूस नाही. पण कोणी उगाच टपरीचा फोटो लावतं का?

उन्हाळ्यात तीच म्हणाली होती, कोणाची तरी मदत घे, असा भिंत होऊन बसू नकोस. तेव्हा मी तिच्यावर भडकलो होतो. तिनेच नाव दिलं असेल. मला बाहेर काढायला. की मला शहाणं करायला?

फोन केला. सरळ विचारलं. मग म्हणाली, "तुझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं असतं तर आधी तुला सांगितलं असतं. तेवढी ओळख आहे ना आपली अजून?"

फोन ठेवला तिने. मी दुसऱ्याचा फोन उघडून बसलो. तिचा आवाज कानातून जाईना. ओळख म्हणाली. नुसती ओळख.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दार उघडलं नाही.

बाईंचा आवाज जिन्यात आला तसा मी खारूच्या तोंडावर बोट ठेवलं. दोघं पलंगाशी श्वास रोखून. बाईंनी वाजवलं, थांबल्या, पुन्हा वाजवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मामा, चपला बाहेर आहेत तुमच्या."

मी खारूला आणखी जवळ ओढलं.

तर बाई जिन्यातच बसली! पर्समधून विणकाम काढलं असावं, सुया एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. सहा वाजेपर्यंत. ज्या जिन्यात मी उभा होतो, त्याच जिन्यात.

खारू कुजबुजली, तिला आत घे ना. मी मान हलवली. तिने कागदाचं तिकीट कापलं, दाराखालून बाहेर सरकवलं. थोड्या वेळाने ते परत आत आलं, पंच केलेलं.

मला राग यायला हवा होता. आला. पण कोणाचा ते नीट कळेना.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज कोणी आलं नाही. खारू चारला खुर्च्या लावून बसली, सहाला तिने स्वतःच काढल्या.

७ डिसेंबर, शनिवार

आत्या आली. मी पहाटेपासून घर घासलं होतं. तिने घराकडे पाहिलंच नाही. खारूला मांडीवर घेतलं, केस हुंगले आणि एकदम रडली. मला ते अपेक्षित नव्हतं. आत्या रडताना अगदी साधी दिसते.

मी मुद्दाम म्हणालो, तुमच्या कंडक्टरबाईंनी सगळं सांगितलंच असेल. आत्या म्हणाली, कोण कंडक्टरबाई? मी तिचा चेहरा निरखला. इतकं छान नाटक तिला येत नाही. मग तुम्हाला कोण सांगतं, विचारलं. "अरे, ही सांगते. रविवारी मी हिच्या आईच्या फोनवर हिला फोन करते ना, तू भांडी घासत असतोस तेव्हा."

खारू बिस्किट खात होती. दोन्ही गाल भरून.

मग आत्या मुद्द्यावर आली. तू वाईट नाहीस, म्हणाली. हिला जीव लावतोस, दिसतंय मला. पण — आणि हे तिने हळू आवाजात म्हटलं — "उद्या तू तापाने आडवा झालास तर हिला कोण आहे? एक माणूस सांग. एकच."

मी तोंड उघडलं. शेठ? ती? शेजारी? त्यांच्याशी तर मी वर्षभर धड बोललोही नाही.

"कंडक्टरआजी," खारू म्हणाली.

"मग ती बघायला हवी मला," आत्या म्हणाली. पुढच्या शनिवारी पुन्हा येते. तसं कोणी नसेल तर सुट्टी लागली की खारूला घेऊन जाईन, नाही म्हणालास तर वकील करीन. धमकी नव्हती. धमकी असती तर भांडलो असतो.

ज्या माणसाला मी जिन्यात बसवलं, तेच माणूस आता आणायचं.

१० डिसेंबर, मंगळवार

खारूचा हात धरून शाळेमागच्या हॉलमध्ये गेलो. चहा फुकट, बिस्किटंही. मी आधी भिंती बघून घेतल्या. एक आजोबा खुर्चीच्या पाठीला तीन दोऱ्या बांधून नातीसाठी वेणी घालायचा सराव करत होते. माझी नजर बघून म्हणाले, "काय शोधताय, कॅमेरा? आहे एक कोपऱ्यात, पण बंद पडलाय. तुम्ही मोबाईलवाले मामा ना? बघता का जरा?"

म्हणजे इथे सगळ्यांना मी ठाऊक.

दोन मावश्यांची जुंपली होती, एकीचा भाचा दुसरीकडे भाजी खातो आणि घरी ताट सरकवतो म्हणून. तू मीठ कमी घाल, तू जीभ आवर, असं. खारू हे सगळं सिनेमासारखं बघत होती.

कंडक्टरबाई मुलांना रांगेत उभं करून बिस्किटं वाटत होत्या. मी जवळ जाऊन सॉरी म्हणालो. सवय नाही, नीट निघालंही नाही. त्यांनी खारूच्या हातात बिस्किट दिलं, मग माझ्याही. आत्याचं सांगितलं. शनिवारी याल का विचारलं.

"येईन की. पण आत्याला दाखवायला शोकेसमध्ये बसणार नाही मी. तुम्ही दार घ्यायचं. खरं."

"आत्या घरात असताना?"

"असताना."

मी म्हणालो, परत येईन तेव्हा खारू नसेल तर? आवाज चढला होता माझा, दोघीतिघी वळल्या. बाई म्हणाल्या, मी दारात बसते, माझ्या पुढून विनातिकीट कोणी गेलेलं नाही आजवर. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आजोबांनी मला खुर्ची दिली. दोऱ्या सोडत म्हणाले, नातू पहिल्या शनिवारी दोन तास दाराकडे बघत बसला होता, पाणीसुद्धा प्यायला नाही. "चौथ्या शनिवारी मी परत आलो, तर त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खेळत बसला. मामा, इतका अपमान झाला माझा. इतकं बरं वाटलं."

तो कॅमेरा मी घरी आणलाय. वायर तुटलीय नुसती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तिला मेसेज टाकला: उद्या चारला मी घराबाहेर असेन. बहुतेक.

उत्तर आलं: बहुतेकसाठी मी चहा सांगत नाही.

चष्मेवाला गेला खड्ड्यात.

१४ डिसेंबर, शनिवार

हे बाहेर उभ्याने लिहितोय, शेठच्या पावतीच्या पाठीवर. नंतर वहीत चिकटवीन.

चारला आत्या आणि बाई दोघी घरात होत्या. आत्याने दाराशी एक मोठी बॅग ठेवली होती, उचलून बघितली नाही, पण हलकी दिसत होती. रिकामी. खारूचे कपडे भरायला आणली असेल, हे सुचलं. चपला घालायच्या सोडून मी तिथेच उभा. काहीतरी बोलायचं म्हणून बाईंना म्हणालो, आता तरी सांगा, माझं नाव कोणी दिलं.

बाईंनी खुर्च्या लावणाऱ्या खारूकडे पाहिलं.

"मी," खारू म्हणाली. "शाळा सुटताना मी आजीला सांगितलं. तू कधी जातच नाहीस. मग परत कसा येणार?"

आत्याने तोंड फिरवलं. बाईंनी स्टूल ओढून दाराशी घेतलं, त्यावर बसल्या. खारू माझ्या चपला घेऊन आली, उजवी डावीकडे ठेवून.

"येतो," म्हणालो.

आणि दार ओढून घेतलं.