सासूबाई दुसऱ्या वर्षाला

१४ जून

सरकारची आज दोन परिपत्रकं आली. एकाच पाकिटात! पहिलं — ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं त्यांना परत कॉलेजात घ्या. वयाची अट नाही, आधी पास झालेलं वर्ष धरलं जाईल. दुसरं — दर्जा सुधारा. जिथे मुलं कमी, तिथलं तिसरं वर्ष मोठ्या शहरातल्या कॉलेजात हलवलं जाईल. म्हणजे दार सताड उघडायचं आणि आतली खोली काढून घ्यायची.

प्राचार्यांनी दोन्ही वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग माझ्याकडे सरकवून म्हणाले, मॅडम, तुम्ही अर्थशास्त्राच्या. अर्थ तुम्हीच लावा.

जेवताना घरी हा किस्सा सांगितला. हे हसले. सासूबाई मात्र वाढता वाढता थांबल्या.

“आधीचं वर्ष धरतात म्हणजे, लग्नाआधीचंही?”

१६ जून

ह्यांचं मत — आई गंमत करतेय.

२ जुलै

गंमत नव्हती.

सासूबाईंनी पहिल्या वर्षाचं जुनं प्रमाणपत्र कुठून तरी शोधून काढलं आणि एकट्याच कॉलेजात येऊन दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन गेल्या. मला कळलं ते आमच्या क्लार्ककडून. त्याने सवयीने विचारलं, पाल्याचं नाव? ह्या म्हणाल्या, पाल्य मीच. क्लार्क दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होता.

विषय कोणता घेतला म्हणून विचारलं तर अर्थशास्त्र. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी मी एकटीच. जुलमाचा रामराम, दुसरं काय!

५ जुलै

पहिला तास. हजेरी घेताना त्यांच्या नावापाशी आले आणि तोंडातून “आई” निघालं. वर्ग फिदीफिदी. त्या मात्र उभ्या राहिल्या, गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “हजर, मॅडम.”

वीस वर्षांच्या संसारात मला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. संध्याकाळी घरी पाय ठेवते तोच — अगं, दूध उतू गेलं, बघ जरा!

१९ जुलै

घरी कॉलेजचा विषय काढायचा नाही असा करार झाला होता. शंका वर्गातच विचारायच्या. भाजी निवडतानासुद्धा नाही. करार दोन दिवस टिकला.

७ ऑगस्ट

पहिल्या बाकावर त्यांचं त्रिकूट जमलंय. एका बाजूला बेकरीवाल्याची मुलगी — बाहीला कायम मैदा, तोंडाला कायम टकळी. दुसऱ्या बाजूला मेकॅनिकची मुलगी. ही बोलतच नाही. दोघी सासूबाईंना मावशी म्हणतात. आजी म्हणायला त्यांनी पहिल्याच दिवशी बंदी घातली म्हणे.

माझ्या मागे ह्या तिघी माझी नक्कल करतात असा मला दाट संशय आहे.

३ सप्टेंबर

ह्यांनी आज आईला सांगितलं, टीव्ही बंद कर, चाचणी आहे उद्या. काय तो आवाज! काय तो आनंद! लहानपणापासूनची सगळी उधारी एका वाक्यात वसूल. सासूबाईंनी मुकाट्याने बंद केला. मग मला हळूच म्हणाल्या, आता ह्याला अभ्यास घ्यायला नको बसवूस. ह्याला स्वतःलाच गणितात काठावर मार्क होते.

२१ ऑक्टोबर

दर्जा तपासायला समिती येणार. कॉलेजात लगीनघाई. भिंतींना रंग, ग्रंथालयातल्या पुस्तकांची धूळ दुसऱ्या पुस्तकांवर. प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. फार अवघडून म्हणाले, तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी घरीच ठेवता येईल का? समितीला वाटायला नको की आपल्याकडे मुलं मिळत नाहीत म्हणून घरची माणसं बसवलीत.

सासूबाईंना हे कसं सांगायचं याचा विचार करत घरी आले. सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर

समिती आली. सासूबाई पहिल्या बाकावर. नवी साडी.

तीन माणसं मागे बसून माझा तास बघत होती. मी जिवाचं रान केलं. आलेख काढले, रंगीत खडू वापरले. तास संपल्यावर समितीतल्या बाईंनी मुलांना विचारलं, शिकवण्यात काय सुधारावंसं वाटतं? सगळे गप्प. बेकरीवाल्याची मुलगीसुद्धा! आणि मग सासूबाई उठल्या.

“मॅडम छान शिकवतात. पण फळ्याकडे बघून शिकवतात. आमच्याकडे बघतच नाहीत.”

बाईंनी ते टिपून घेतलं. प्राचार्य छताकडे बघत होते.

२७ ऑक्टोबर

सासूबाईंशी बोलले नाही. चहा समोर ठेवला आणि निघून आले. हे म्हणाले, अगं, खरं बोलली ती, त्यात काय. मग ह्यांच्याशीही बोलले नाही.

२९ ऑक्टोबर

आज रागाच्या भरात मुद्दाम फळ्याकडे पाठ करून शिकवलं. बघाच म्हटलं आता, किती बघते ते!

आणि मेकॅनिकच्या मुलीचा हात वर होता. पुरता वरही नाही, कोपरातून वाकलेला, कोणी न बघितल्यास केसांवरून फिरवून खाली घेता येईल असा. मी विचारलं, काय गं? ती उठली. म्हणाली, मॅडम, ज्याला हवंय पण पैसे नाहीत, त्याची मागणी पुस्तकात का धरत नाहीत? म्हटलं, अर्थशास्त्रात नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत. ती म्हणाली, मग बाजार ज्यांना मोजतच नाही त्यांचं काय चाललंय, हे त्याला कळणार कसं?

इतकी वर्षं शिकवतेय. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कोण जाणे, आधीही असे अर्धे हात वर असतील आणि केसांवरून फिरून खाली गेले असतील.

संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, चहा घेणार का? त्या म्हणाल्या, अबोला सुटला असेल तर साखर घाल. परवाच्यात नव्हती.

१० जानेवारी

मेकॅनिकची मुलगी आता तासाला दोनदा तरी मला पेचात पकडते. उत्तर माहीत नसलं की मी म्हणते, उद्या सांगते. रोज संध्याकाळी वाचत बसते. ह्यांनी विचारलं, परीक्षा आईची आहे की तुझी?

१८ मार्च

पत्र आलं. समितीने शेरा चांगला दिला — शिकवण्यात सुधारणेची तयारी दिसते, वगैरे. (सासूबाई म्हणाल्या, ही सुधारणा माझी.) पण तिसरं वर्ष जाणार. येत्या जूनपासून मोठ्या शहरात. कारण — पुरेशी मागणी नाही.

मेकॅनिकच्या मुलीला काय सांगू आता?

२ एप्रिल

प्राचार्य आणि मी शिक्षण कार्यालयात जाऊन आलो. अधिकारी भला माणूस. चहा पाजला. म्हणाला, तिकडे ग्रंथालय आहे, संगणक आहेत, प्रत्येक विषयाला चार-चार प्राध्यापक; मुलींना वसतिगृह मोफत. तुम्ही मुलांच्या भल्याच्या आड का येता?

खोटं काहीच नाही त्यात. तिकडचं ग्रंथालय आमच्या अख्ख्या इमारतीएवढं आहे. मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटतं. पण ते शहर बसने अर्ध्या दिवसावर. परतीच्या वाटेत प्राचार्य एवढंच म्हणाले, आपल्या किती पोरी इतक्या लांब जातील, हे लिहायला ह्या भल्या माणसाच्या कागदावर जागाच नाही.

२९ मे

निकाल. मेकॅनिकची मुलगी कॉलेजात पहिली. बेकरीवाल्याची मुलगी दुसऱ्या श्रेणीत — तिला स्वतःला धक्का बसला. सासूबाई पास. अर्थशास्त्राचा पेपर बाहेर तपासून आला, त्यात बरे मार्क आहेत. मी तपासला असता तर दोन कमी दिले असते, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच सरकारने बाहेर पाठवला.

हे पेढ्यांऐवजी भलामोठा केक घेऊन आले. बेकरीवाल्याने पैसे घेतले नाहीत.

७ जून

दोघींच्या वडिलांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं होतं. दोघींनीही तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला नाही. मुली बाहेर, सासूबाई त्यांच्याजवळ बाकावर. दार उघडंच होतं.

मेकॅनिक खुर्चीच्या कडेवर बसला. हात धुऊन आला होता, तरी खुर्चीच्या हाताला लावत नव्हता. प्राचार्यांनी वसतिगृहाचं सगळं सांगितलं — फी नाही, जेवण आहे, वॉर्डन आहे. मी सांगितलं, मुलगी फार हुशार आहे.

“हुशार आहे ते मला ठाऊक आहे, मॅडम. घरात तिच्याशी बोलताना मीच हरतो. पण वॉर्डन म्हणजे दाराला कुलूप लावणारी बाई. पोरीला ताप आला, तर डोक्यावर हात ठेवायला तिकडे तिचं कोण आहे?”

बेकरीवालाही तेच म्हणाला, जरा मोठ्या आवाजात. दोघे नमस्कार करून गेले. जाताना मेकॅनिक मुलीकडे बघू शकला नाही. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

सासूबाई घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत आल्या. रागावल्या असाव्यात. माझ्यावर की जगावर, कळलं नाही.

११ जून

मेकॅनिकची मुलगी माझी पुस्तकं परत द्यायला आली. राहू दे म्हटलं. नको म्हणाली. गॅरेजचा हिशेब बघायला लागलीय.

१५ जून

दिवसभर सासूबाई कुठे होत्या? विचारलं तर म्हणाल्या, फिरायला. ह्या उन्हात!

१७ जून

सकाळी दारात बॅग. मला वाटलं, बहिणीकडे निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, वसतिगृहात. तिसऱ्या वर्षाला. तिघींची खोली मिळालीय. परवा त्या आधी गॅरेजवर गेल्या होत्या, मग बेकरीत. ताप आला तर मी आहे, एवढंच सांगितलं म्हणे.

हे खाली बसले. आई, घर सोडून? एवढंच परत परत. मग उठून बॅग उचलली.

स्टँडवर दोघी आधीच येऊन उभ्या. त्यांचे वडीलही. मेकॅनिकने सासूबाईंची बॅग स्वतः वर चढवली. बस सुटताना मी खिडकीशी गेले. म्हटलं, आई, जमेल ना तुम्हाला?

“तुझ्या हाताखाली एक वर्ष काढलं. आता कसली भीती?”