पायी फिरता येईल असं घर

प्रिय धाकट्या,

तुझ्या शहरात येऊन महिना झाला, पण कालपर्यंत मला एकदाही आपल्या मर्जीने घराबाहेर पडता आलं नाही. तुझ्या सोसायटीच्या फाटकापुढे थेट हायवे! दोऱ्याचं रीळ हवं म्हटलं तरी तू म्हणणार, ‘आई, थांब, गाडी बोलावतो.’ मी काय पार्सल आहे?

काल तर कहर झाला. मी चालत निघाले, तर वॉचमनने हाताला धरून परत आणलं आणि तू त्यालाच शाबासकी दिलीस!

म्हणून आज शेजारणीबरोबर जुन्या बाजारात गेले आणि शिंपिणीच्या दुकानावरची खोली ठरवून आले. भाडं माझ्या पेन्शनीत बसतं. खाली भाजीवाले, कोपऱ्यावर दवाखाना, समोर वाचनालय. शिंपीण म्हणाली, “आजी, जिना उभा आहे, जमेल ना?”

म्हटलं, “जिना जमेल गं. मुलाची परवानगी मागणं जमत नाही.”

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून निघणार होते. पण चोरासारखं मी का जावं? फाडून टाकते. बॅग भरून दारातच बसले आहे. तू आलास की सगळं तोंडावर सांगेन.

तुझी, अजून चालती-फिरती,
आई