हौदात सोडलेलं नळाचं पाणी

आबा, आज हौद तळापर्यंत उपसला. तुम्ही असता तर झिंज्या धरल्या असत्या माझ्या. पाणी कधी पूर्ण काढायचं नाही, हा तुमचा नियम. अर्धं बादलीनं काढून केळीच्या बुडाशी ओतायचं, तळाचा गाळ नळीनं ओढून घ्यायचा, शेवाळ तीन भिंतींचं घासायचं आणि चौथीचं माशांना खायला ठेवायचं. आणि नळाचं ताजं पाणी थेट सोडायचं नाही. पिंपात भरून उन्हात ठेवायचं, जंतू मारायच्या पावडरीचा वास गेला की मगच, नाहीतर मासे मरतात. हे सगळं तुम्ही मला चापटीगणिक शिकवलं. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथलं काही राहिलं नाही, हे मात्र राहिलं. आज पूर्ण उपसला कारण पाणीच नासलं होतं. वाचलेले थोडे मासे पिंपात आहेत. का ते सांगते, मध्ये बोलू नका.

तुम्ही अमळनेरच्या तेलगिरणीतून यायचे ते खिशात शेंगदाण्याच्या पेंडीची ढेप घेऊन. घरात कुणाशी बोलणं नाही, सरळ मागच्या दारी. ढेप चुरून टाकायचे आणि त्या राहू माशांना म्हणायचे, ‘ये बेटा, ये.’ मी दाराआडून ऐकायची. आम्हाला कधी बेटा म्हटलं नाही तुम्ही. त्या दिवशी किती तरी दिवसांनी नळ आला होता. माय भरते आहे. हंडे भरले, पिंपं भरली, परात सुद्धा भरली, तरी धार चालूच. आमच्या गल्लीत नळाचं पाणी गटारीत जाताना नुसती बघत बसेल अशी बाई अजून जन्माला यायची आहे. मायनं नळी उचलून हौदात सोडली. तुम्ही कामावरून आले तेव्हा मासे पोटं वर करून तरंगत होते. तुम्ही विचारलं, अगदी हळू, ‘कोनी सोडं पाणी?’ माय म्हणाली, ‘वाया जाई राहिंतं.’ एवढंच म्हणाली. तुम्ही तिचा अंबाडा धरला आणि तोंड हौदात दाबलं. ‘ले, आते तूच पी हाई पाणी.’ वर काढलं, पुन्हा दाबलं. ती हात मारते आहे, हाताला मेलेले मासे लागताहेत. मग तिचं तोंड सिमेंटच्या कडेवर आपटलं. तो आवाज मला अजून खलबत्त्यात येतो. शेजारची काकू भिंतीवरून ओरडली, ‘सोड तिले, मरी जाई ती!’ तेव्हा सोडलं. पाणी लाल झालं होतं. तुम्ही मायकडे पाहिलंही नाही. जाळी घेतली, एकेक मासा काढून फडक्यावर ठेवला, आणि रडले. माशांसाठी रडले, आबा. मायचे पुढचे दात गेले. लोकांना ती सांगत राहिली, शेवाळावर पाय घसरला. मरेपर्यंत तोंडावर पदर धरून हसली.

तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, तो हौद फोडून टाक. नाही फोडला. नवरा गेला, तान्ह्या पोराला घेऊन मी याच घरात आले. त्याला माशांचं वेड मीच लावलं. तुम्ही शिकवलेलं सगळं शिकवलं, फक्त चापट न मारता. मला वाटलं, बिनचापटीचं शिकवलं म्हणजे झालं. झालं नाही. आता तो धुळ्याला गॅरेजात कामाला आहे. सून भडगावकडची, तोंडानं फटकळ, मला आवडते.

मागच्या आठवड्यात मी बाजाराला गेले आणि मागे नळ आला. सुनेनं सगळं भरलं, उरलेली धार हौदात सोडली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, पाणी भरायचं काम माझंच असायचं. मी परत आले तर पोरगा घरी आलेला. तिची वेणी त्याच्या मुठीत, तिचं डोकं हौदाच्या कडेकडे वाकवतो आहे. ‘अक्कल शे का तुले? बठ्ठा मासा मारी टाकात!’ आवाज तुमचा. त्यानं तुम्हाला पाहिलेलं सुद्धा नाही. मी पिशवी टाकली. जाळीचा बांबू भिंतीला टेकून होता. ओरडले नाही, समजावलं नाही, घातला त्याच्या हातावर. मनगट मोडलं, काडकन. वेणी सुटली. तो म्हणतो, ‘माय, वेडी झाली का तू? मी तिला नुसतं दाखवत होतो.’ ‘मी पण तुला दाखवते,’ म्हटलं आणि दुसरा घातला, पाठीवर.

धुळ्याला दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. पोरगा म्हणाला, पडलो. मी म्हटलं, ‘पडला नाही. बायकोला मारत होता, म्हणून मी मारलं.’ कंपाउंडर हसायला लागला, मी बघितल्यावर थांबला. प्लास्टर घालून पोराला तिथंच सोडून आले. गॅरेजात राहतो. रोज फोन करतो, ‘माय, येऊ का?’ एकुलता एक आहे माझा. एका हातानं भाकरी कशी मोडत असेल हे मनात येतं, नाही येत असं नाही. पण दार उघडायचं की नाही, ते सुनेनं ठरवायचं. तिला म्हटलं, ‘तू म्हणशील तेव्हाच तो येईल. तुला माहेरी जायचं तर एसटीत बसवून देते आणि हा हौद फोडते.’ ती जाळीनं मेलेले मासे काढत होती. म्हणाली, ‘हौद राहू द्या, आत्या. माशांनी मला कुठं मारलं? आणि मी कशाला जाऊ? जाणारा गेला ना.’ आज ती माझ्याबरोबर हौदात उतरली. गाळ काढता काढता विचारते, पाण्यात पावडर असते हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, चुकलं. त्याला कधी येऊ द्यायचं ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकला नसता. सुनेला सांगता येत नाही, पोराला तर नाहीच, म्हणून तुम्हाला लिहिलं. पहिल्याच फटक्याला वेणी सुटली होती. दुसऱ्याची काही गरज नव्हती. तो घालताना मला फार बरं वाटलं, आबा.