युसुफची कोरी जाळी

मंगफ, गुरुवार

जुन्या कुवेतसारख्या उभारलेल्या त्या मातीच्या गावात आज आमच्या कंपनीची स्टेक भाजायची स्पर्धा होती. गोमांस टाळायला मी फोरमन युसुफला आधीच सांगून बसलो, "मी शाकाहारी." मी, मालवणचा! सरळ गाय खात नाही म्हणायला काय झालं होतं? त्याला वाईट वाटेल म्हणून?

बिचाऱ्याने माझ्यासाठी कोरी जाळी आणली, स्वतःचे स्टेक सोडून तिच्यावर पनीर भाजत बसला. शेजारच्या चुलीवर मासे, आणि मी पनीर खातोय. तेवढ्यात त्याचे स्टेक करपले, नंबर गेला.

निघताना जाळीच हातात दिली. "घेऊन जा. हिला मांस लागलेलं नाही."

रूमवर माझा रूममेट सदा जाळी बघून खूश. "उद्या सुट्टी, हिच्यावर सुरमई भाजू."

"तव्यावर कर," मी म्हटलं. "हिला हात लावायचा नाही."