सात पावलांची खोली

रविवार, संध्याकाळ. तिसगाव.

आज पाथर्डीहून नवा टीव्ही आणला. पंचावन्न इंची, फोर-के. आनंद व्हायला हवा होता.

सकाळी निघायच्या आधी आप्पा पावलाला पाऊल लावत खाटेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत चालले होते. दुकानात त्यांनी तेच सांगितलं, "सात पावलं हाय आमची खोली. बारकाच द्या." मी दुकानदाराकडे बघून हसलो. वर म्हणालो, "आप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही." चार लोकांसमोर. का बोललो असं? आठवडाभर मोबाईलवर पिक्सेल-बिक्सेल वाचलं म्हणून?

दुकानात त्याच्या पडद्यावर मोराचं पीसन् पीस दिसत होतं. घरी आमची डिश जुनी, साध्या चॅनेलची. एवढ्या मोठ्या पडद्यावर तेच चित्र ताणलं गेलं आणि खाटेवरून बघावं तर बातम्या देणारीचं तोंड म्हणजे नुसते चौकोन. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लांबून बरं दिसेल, एवढं मलाही कळलं. पण लांब जायला खोली कुठाय? सातच पावलं!

आप्पा खाटेवरून उठले. मला खाटेचं एक टोक धरायला लावलं, खाट ओसरीवर नेली आणि पुन्हा पावलं मोजली. "बारा. आता लई झ्याक दिसतंय बघ."

टीव्ही परत करू म्हणालो, तर नको म्हणाले. मघाशी गार वारं सुटलं म्हणून मी दार लावायला उठलो.

"दार तेवढं उघडं राहू दे," आप्पा ओसरीवरून म्हणाले, "बातम्या संपेस्तोवर."